परक्यांपुढें घरचीं उणीं

आपल्या मध्यम स्थितींतील घरांतून आज कोणी ना कोणी परदेशीं असतोच. तो दोन-तीन वर्षांनीं महिनाभर घरीं येतो, आणि आल्या दिवसापासून त्याची कुरकुर सुरू होते. रस्त्यांवर धूळ फार, कचेरींत काम वेळेवर होत नाहीं, रांगेंत उभें राहण्याची कोणास संवय नाहीं. आई ऐकून घेते. वडील मात्र एखाद्या दिवशीं वैतागून 'मग येतोस कशाला?' म्हणून विचारतात. पण याच चिरंजीवांच्या तिकडच्या सोबत्यांना विचारावें, तर ते सांगतील कीं या गृहस्थापुढें हिंदुस्थानाविषयीं एक वावगा शब्द काढण्याची सोय नाहीं; लगेच त्याचा चेहरा लाल होतो आणि तो शून्याच्या शोधापासून सुरुवात करतो. या दुटप्पीपणाची आपण घरोघर थट्टा करतों. थट्टेस माझी हरकत नाहीं. परंतु ही वृत्ति विमानांच्या युगांत जन्मास आली असा जो समज आहे, तो खरा नव्हे. आगबोटीनें दोन-दोन महिने प्रवास करून परदेश गांठणाऱ्या आपल्या पहिल्या विद्यार्थिनींच्या पत्रांतून व पुस्तकांतून ती जागोजाग दिसते. आणि तेथें ती वाचूं लागलें म्हणजे थट्टा करण्याची इच्छा उरत नाहीं.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. काशीबाई कानिटकरांनीं तें लिहिलें, श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीनें (१९६८) तें घरोघर पोंचविलें, आणि २०१९ सालीं तें रुपेरी पडद्यावरही आलें. जन्म १८६५, नवव्या वर्षीं गोपाळराव जोशी या पोस्टखात्यांतील बिजवराशीं विवाह, चौदाव्या वर्षीं झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. पत्नीस शिकविण्याच्या ध्यासानें गोपाळरावांनीं एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र तिकडील एका मासिकांत छापून आलें, आणि न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल या गांवच्या मिसेस कार्पेंटर यांनीं तें १८८० सालीं, दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असतां, सहज वाचलें. दातदुखीनें इतिहासावर केलेले उपकार कोणी मोजावयास बसला, तर त्यानें आरंभ येथूनच करावा. पुढें दोन्ही घरांत पत्रव्यवहार सुरू झाला, आणि ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई एकट्याच, म्हणजे पतीवांचून, कलकत्त्याहून आगबोटींत बसल्या. वय अठरा.

निघण्यापूर्वीं सहा आठवडे, २४ फेब्रुवारीस, त्यांनीं श्रीरामपूर येथील कॉलेजांत इंग्रजींत एक व्याख्यान दिलें. आपण अमेरिकेस कां जातों, याचा जबाब त्यांना आपल्याच लोकांस द्यावयाचा होता. हें व्याख्यान मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखें आहे, कारण त्यांत त्या घरचीं उणीं बिलकुल झांकीत नाहींत. हिंदुस्थानांत स्त्रियांस वैद्यकाचें पुरें शिक्षण मिळण्याची सोय नाहीं. स्त्रीवैद्यांवांचून आमच्या बायका हकनाक मरतात. शिकावयास निघालेल्या बाईस रस्त्यानें चालूं म्हटलें तर लोक थांबून टक लावतात, टवाळी करतात, बंगाल्यांत तर पोलीससुद्धां छळतात, हें सर्व त्यांनीं भर सभेंत सांगितलें. जातींतून वाळींत टाकतील या भीतीचाही त्यांनीं समाचार घेतला. आणि शेवटीं वचन दिलें कीं हिंदु म्हणून जात आहें, हिंदु म्हणूनच परत येईन.

४ जून १८८३ रोजीं त्या न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या. मिसेस कार्पेंटर घ्यावयास आल्या होत्या. त्यांना आनंदीबाई 'मावशी' म्हणत. मावशीच्या घरीं रोझेलला गेलेला तो उन्हाळा हा आनंदीबाईंच्या आयुष्यांतील बहुधा सर्वांत निर्धास्त काळ असावा. त्यांनीं घरांतल्या मंडळींस आपल्याकडचे पदार्थ करून घातले, शेजारणींस लुगडीं नेसविलीं, जमिनीवर बसून हातानें जेवण्याची पंगत करून दाखविली. देशाचें प्रेम इतकें स्वस्त पुन्हां कधीं पडलें नाहीं. पाहुण्यांच्या पंगतींत आपला देश नेहमींच सुंदर असतो.

ऑक्टोबरांत त्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत दाखल झाल्या आणि खरा परदेश सुरू झाला. संस्थेनें तीन वर्षांसाठीं ६०० डॉलरांची शिष्यवृत्ति दिली होती. पहिली भाड्याची खोली अशी होती कीं शेकोटी पेटवावी तर धूर कोंडावा, न पेटवावी तर थंडीनें काकडावें. मांसाशन करावयाचें नाहीं हा निर्धार. तेव्हां अभ्यास सांभाळून स्वतःचें रांधणें आलें, आणि ज्या दिवशीं तें झालें नाहीं त्या दिवशीं अर्धपोटीं निजणें आलें. नऊवारी लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहतात. कोंकणच्या हवेंत तें ठीक, पेन्सिल्व्हेनियाच्या बर्फांत तें कसें निभावें? आनंदीबाई गुजराथी पद्धतीनें नेसूं लागल्या. पाश्चात्य पोषाख त्यांनीं केला नाहींच. पण एवढा पालट करतांनाही ती गोष्ट हजारों मैलांवरील पतीस पत्रानें कळवून त्याची संमति मिळविणें त्यांना अवश्य वाटलें. माणूस आपला देश बरोबर नेतो असें आपण म्हणतों, त्याचा अर्थ पुष्कळदां इतकाच असतो: ताटांत काय पडावें आणि पदर कोणत्या खांद्यावर यावा, याविषयींचा हुकूम बरोबर येतो. आनंदीबाईंनीं तो हुकूम पाळला. पहिल्याच हिंवाळ्यांत त्या घशाच्या भयंकर दुखण्यानें अंथरुणास खिळल्या, आणि त्यानंतर त्यांची प्रकृति अशी कधीं सुधारलीच नाहीं.

आतां मी ज्या प्रसंगासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतों. फिलाडेल्फियांत मिशनच्या कार्याचा कळवळा असणाऱ्या मंडळींपुढें आनंदीबाईंस बालविवाह या विषयावर बोलण्याची पाळी आली. श्रोत्यांची अपेक्षा काय असेल हें सांगावयास नको. समोर उभी असलेली मुलगी स्वतः नवव्या वर्षीं विवाहित झालेली, चौदाव्या वर्षीं अपत्य गमावलेली; तिच्या तोंडून त्या रूढीची कहाणी ऐकून डोळे पुसावयाचे आणि मिशनच्या पेटींत वर्गणी टाकावयाची, अशा तयारीनें मंडळी आलेली असावी. आनंदीबाईंनीं बालविवाहाचें समर्थन केलें. श्रोते थक्क झाले. १८८८ सालीं बोस्टन येथें आनंदीबाईंचें चरित्र प्रसिद्ध करणाऱ्या कॅरोलाइन हीली डॉल यांनाही या गोष्टीचा उलगडा करणें जड गेलेलें दिसतें.

आमच्या वर्गांत ही हकीकत निघाली म्हणजे मुली रागावतात. ज्या बाईनें असंख्य बायकांना वाट दाखविली, तिनें असें बोलावें! एका मुलीनें मला विचारलें, कीं हें भय होतें कीं अभिमान? प्रश्न चांगला होता. त्याचें उत्तर त्या सभेंत मिळत नाहीं. तें त्याच काळांत आनंदीबाईंनीं गोपाळरावांस पाठविलेल्या पत्रांत मिळतें.

पतीनें दूरवरून कठोर शब्दांत संशय व दोषारोप लिहून पाठवावे आणि हिनें दुखण्याच्या अंथरुणावरून त्यांचीं उत्तरें द्यावीं, असा क्रम बरेच दिवस चालला होता. त्यांतील एका पत्रांत आनंदीबाईंनीं, बहुधा आयुष्यांत प्रथमच, मागचें सारें उघड लिहून टाकलें: दहाव्या वर्षीं लाकडाच्या तुकड्यांनीं खाल्लेला मार, बाराव्या वर्षीं अंगावर भिरकावलेलीं पुस्तकें आणि खुर्च्या, चौदाव्या वर्षीं टाकून जाण्याच्या धमक्या. मुलीचें लग्न झालेलें, घर लांब, सोडवावयास कोणी नाहीं. सहन करण्यावांचून दुसरी गति नव्हती, हेंही त्यांनीं लिहिलें. आणि मग त्या निकाल देतात. आपली वागणूक चांगली होती कीं वाईट, असें विचाराल तर दोन्ही. अंतिम हेतूकडे पाहतां ती योग्य म्हणावी लागेल, परंतु लहान मुलाच्या मनावर तिचा काय परिणाम होतो याचा विचार केला तर ती चूक होती, असें न्यायानें म्हटलेंच पाहिजे. अशा आशयाचें तें पत्र आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीचा हा निवाडा वाचून कोणाही न्यायाधीशानें मान तुकवावी.

बालविवाहावर याहून कडक टीका आपल्या वाङ्मयांत मला तरी ठाऊक नाहीं. ती सभेंत केलेली नाहीं, पतीस लिहिलेली आहे. इंग्रजींत नाहीं, मराठींत आहे. शिवाय ती अमेरिकेंतून लिहिलेली आहे, हेंही तितकेंच महत्त्वाचें. हें पत्र कल्याणच्या किंवा श्रीरामपूरच्या घरांत बसून लिहितां आलें नसतें. मध्यें दोन समुद्र पडले तेव्हां ती घरच्याला खरें सांगूं शकली. आणि त्याच वेळीं परक्यांपुढें तिनें त्याच घराचें दार ओढून घेतलें.

झांकली मूठ सव्वा लाखाची, हें आपल्याकडचें व्यवहारज्ञान येथें होतें, असें कोणी म्हणेल. मला वाटतें, त्याहून कांहीं अधिक होतें. ज्या सभेपुढें आनंदीबाई उभ्या होत्या, त्या सभेपाशीं प्रत्येक दुःखाला एकच औषध होतें, आणि तें म्हणजे धर्मांतर. तेथें 'माझ्यावर अन्याय झाला' असें म्हणणें म्हणजे 'माझा धर्म टाकाऊ आहे' असें म्हणण्यासारखेंच झालें असतें. वाक्य त्यांचें, पण अर्थ श्रोत्यांचा. श्रीरामपूरचें वचन त्यांच्या कानांत असलें पाहिजे. आणि बालविवाह हा त्या श्रोत्यांच्या लेखीं एक विषय होता. यांच्या लेखीं तो आई होता, बाप होता, शिकविण्यासाठीं जीव टाकणारा आणि मारणारा असा एकच नवरा होता, दहा दिवसांचें मूल होतें. अनोळखी लोकांपुढें एवढें सारें टेबलावर कोणी मांडील काय?

तरीपण मी त्यांना सर्वस्वीं निर्दोष म्हणावयास तयार नाहीं. त्या सभेंतून घरीं गेलेल्या एखाद्या बाईनें हिंदुस्थानांतील मुलींचें बरें चाललें आहे असें मानलें असेल, तर त्याचा भार कोणावर? प्रश्न उरतोच, आणि तो उरतो म्हणूनच आनंदीबाईंच्या शेजारीं दुसऱ्या एका बाईस उभें करणें अवश्य आहे.

पंडिता रमाबाई या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यांतील. त्याही १८८३ सालींच परदेशीं गेल्या, पण इंग्लंडला. आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत राहून त्यांनीं त्याच वर्षीं सप्टेंबरांत बाप्तिस्मा घेतला. मोठें वचन मोडलें असें म्हणावें, तर लहान वचनें त्यांनीं आनंदीबाईंइतक्याच हट्टानें सांभाळलीं. मांस-मासे तर नाहींतच, पण अंडें घातलेली खीरसुद्धां त्या शिवत नसत. मठांतील गुरुभगिनींस हा जातीचा अहंकार वाटे. क्रूसावर लॅटिन अक्षरें कोरलेलीं कां असावीं, माझी भाषा लॅटिन नाहीं, मला संस्कृत अक्षरें हवींत, असाही त्यांनीं वाद घातला. धर्म बदलला, पण त्याचा स्वयंपाक आणि लिपि आपलीच राहिली पाहिजे, असा हा आग्रह. पुण्याच्या सनातन्यांपुढें बंडखोर ठरलेली ही विदुषी वाँटेजमध्यें कट्टर ब्राह्मण ठरली, हें पाहून मला हसूंही येतें आणि आदरही वाटतो.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस वैद्यकाची पदवी मिळाली. त्या समारंभासाठीं महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉड्ली यांनीं रमाबाईंस निमंत्रण दिलें, आणि त्या पांच वर्षांच्या मनोरमेस घेऊन इंग्लंडहून मुद्दाम आल्या. आनंदीबाईंनीं पदवीसाठीं लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र. तीन वर्षें पाश्चात्य वैद्यक शिकून त्या फिरून सुश्रुताकडे वळल्या, यालाही कोणी मागासपणा म्हणेल. मला त्यांत घरचें कांहीं तरी दाखविण्याजोगें सांपडल्याचा आनंद दिसतो. त्याच महाविद्यालयांतील १० ऑक्टोबर १८८५ चें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत आनंदीबाई, जपानची केइ ओकामी आणि सिरियाची साबात इस्लांबूली अशा तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशीं वेषांत बसल्या आहेत. तिघींपैकीं कोणीही हसत नाहीं.

एव्हांना गोपाळरावही अमेरिकेंत येऊन पोंचले होते. त्यांची तऱ्हा निराळीच. स्वदेशीं असतांना ज्यांनीं स्वदेशाच्या रूढींवर कोरडे ओढले, ते अमेरिकेच्या भूमीवर पाऊल पडतांच अमेरिकेवर कोरडे ओढूं लागले: तेथील चालीरीति, तेथील मिशनरी, इतकेंच काय, तेथील स्त्रियांचें शिक्षणसुद्धां त्यांच्या व्याख्यानांतून सुटलें नाहीं. यजमान मंडळी गोंधळून गेली आणि आनंदीबाईंस फार संकोच झाला. हेच गोपाळराव पुढें ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक आदि प्रतिष्ठितांस चहास बोलावून मागाहून त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविते झाले आणि शहरांत मोठें ग्रामण्य माजलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. जेथें असावें तेथल्यांच्या विरुद्ध बोलावें, हा त्यांचा स्थायीभाव. त्यांना घर असें कोठें नव्हतेंच. म्हणून आपल्या प्रस्तुत प्रश्नाशीं त्यांचा संबंध थोडा.

रमाबाईंकडे वळावें. त्या पदवीदानासाठीं म्हणून आल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेंत राहिल्या. या मुक्कामांतून दोन पुस्तकें निघालीं, आणि तीं समोरासमोर ठेवलीं म्हणजे त्यांची रीति आनंदीबाईंच्या नेमकी उलट असल्याचें दिसतें. पहिलें, १८८७ सालचें 'उच्चवर्णीय हिंदु स्त्री', हें इंग्रजींत, अमेरिकन वाचकांसाठीं. त्यांत रमाबाईंनीं मूठ उघडून टाकली: बालविवाह, विधवांचे हाल, मुलगी जन्मतांच घरावर पडणारी छाया, एकही गोष्ट मागें ठेविली नाहीं. या पुस्तकाच्या बळावर त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बोस्टनमध्यें रमाबाई असोसिएशन स्थापन झालें आणि मुंबईंतील विधवागृहासाठीं पैसा उभा राहिला.

दुसरें पुस्तक त्यांनीं मराठींत लिहिलें आणि १८८९ सालीं मुंबईस प्रसिद्ध केलें: 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. अमेरिकेची स्तुति त्यांत भरपूर आहे; स्त्रियांच्या संस्था, शाळा, दारूबंदीची चळवळ यांविषयीं त्या भरभरून लिहितात, आणि प्रत्येक स्तुतीच्या आड आपल्याकडील उणीव उभी असते. पण मराठी वाचकास त्या तेवढेंच सांगून सोडीत नाहींत. काळ्या लोकांस तेथें कसें वागविलें जातें, मूळच्या रहिवाश्यांच्या जमिनी कशा हिरावून घेतल्या, टोपीवर शोभा म्हणून मेलेले पक्षी मिरविणाऱ्या आणि कंबर आवळून प्रकृतीचा नाश करून घेणाऱ्या बायका, हेंही त्यांत आहे. म्हणजे यजमानास आपल्या घरचीं उणीं सांगितलीं, आणि घरच्यांस यजमानाचीं. दोघांसही आपल्याविषयीं फुशारकी वाटूं नये, अशी ही योजना. मला हें पुस्तक त्यांच्या इंग्रजी पुस्तकाहून थोर वाटतें, आणि तें महाराष्ट्रांत जितकें वाचलें जावें तितकें वाचलें जात नाहीं याचें वाईट वाटतें.

रमाबाईंच्या रीतीची किंमत त्यांना द्यावी लागलीच. परक्यांपुढें देशाची बदनामी करून डॉलर आणले, हा ठपका त्यांच्यावर आला. आणि १८९३ सालीं शारदासदनांतील मुलींच्या धर्मांतराचा वाद पेटला तेव्हां त्यांच्या पाठीराख्यांपैकींही पुष्कळजण दूर झाले. पण सदन उभें राहिलें होतें. आनंदीबाईंच्या सभेंतील भाषणानें एकाही मुलीस आसरा मिळाला नाहीं. रमाबाईंच्या पुस्तकानें मिळाला. एवढें मान्य करूनही, त्या दोन बायकांपैकीं देशावर अधिक प्रेम कोणाचें, असें मला विचारलें तर मी उत्तर देणार नाहीं. रमाबाईंस गमावण्याजोगें घर उरलें नव्हतें: आईबाप दुष्काळांत गेले, भाऊ गेला, पति गेला. त्यांना उघडें बोलतां आलें. आनंदीबाईंस परत जावयाचें होतें. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील स्त्रीविभागाची जागा त्यांच्यासाठीं राखून ठेवलेली होती.

त्या ऑक्टोबर १८८६ मध्यें न्यूयॉर्कहून निघाल्या, तेव्हां क्षयानें पोंखरलेल्या होत्या. नोव्हेंबरांत मुंबईस उतरल्या. कोल्हापूरची जागा त्यांनीं कधीं पाहिलीच नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. त्याच वर्षीं निघालेल्या रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाची प्रस्तावना डीन बॉड्ली यांनीं लिहिली, तींत या मृत्यूचा शोक आहे. आणि रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन उघडलें तो दिवस ११ मार्च १८८९, म्हणजे फिलाडेल्फियांतील त्या पदवीदानास बरोबर तीन वर्षें झालेला दिवस. तो मुद्दाम निवडला होता कीं नाहीं, याची चर्चा मी करीत नाहीं.

गोपाळरावांनीं आनंदीबाईंची रक्षा गंगेकडे नेली नाहीं. अमेरिकेस मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठविली. न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी या गांवच्या दफनभूमींत कार्पेंटर घराण्याची जागा आहे. तेथें मावशीच्या माणसांत ती पुरलेली आहे, आणि वरच्या दगडावर, शिक्षणासाठीं हिंदुस्थान सोडून आलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशी तिची ओळख इंग्रजींत कोरलेली आहे.